पेट्रोलच्या कराला निसाब का नाही?



मित्रहो, आपल्या सभांमध्ये शिक्षणावर, वक्फवर, कायद्यावर बोललं जातं. पेट्रोलवरच्या कराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. रिक्षावाला, फेरीवाला, घरोघरी पार्सल पोचवणारा तरुण, कारखान्यात पाळीला जाणारा कामगार, सगळे हा कर रोज भरतात. म्हणून आज त्याविषयी बोलायचं आहे.

जकातीचे दोन नियम आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. पहिला निसाबचा. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, इतकी मालमत्ता नसेल तर जकात लागू होत नाही. दुसरा खर्चाचा. जकात कुणावर खर्च करायची, ते आठ हक्कदार कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. त्यात अडचणीतला प्रवासीही आहे. जकात ही इबादत आहे आणि सरकारी कर हा कायदा आहे, हा फरक मान्य. पण कोणाकडून घ्यायचं आणि कशासाठी घ्यायचं, हे दोन प्रश्न कुठल्याही कराला विचारता येतात.

पहिला प्रश्न, कोणाकडून? मे २०२० मध्ये कच्चं तेल कोसळलं, तेव्हा केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी वाढवलं. ते ३२ रुपये ९८ पैशांवर गेलं. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये कपात होऊन ते १९ रुपये ९० पैशांवर आलं. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा २ रुपये वाढले. पंपावरचा भाव वाढला नाही, कारण तेल स्वस्त झालं होतं. म्हणजे ती स्वस्ताई आपल्यापर्यंत पोचलीच नाही.

एप्रिल २०२५ च्या त्या वाढीनंतरच्या २१ रुपये ९० पैशांचा हिशेब करा. पार्सल पोचवणारा मुलगा दिवसाला २ लिटर पेट्रोल जाळतो आणि महिन्याला २६ दिवस काम करतो असं धरा. केंद्राचाच कर १,१३८ रुपये ८० पैसे झाला. त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा, आणि तो उत्पादन शुल्क धरलेल्या किमतीवर लागतो. म्हणजे करावर कर. मोठ्या मोटारीचा मालकही लिटरमागे तेवढंच देतो. इथे निसाब नाही.

वाहन कराचंही तसंच. महाराष्ट्रात १२५ सीसीच्या दुचाकीला किमतीच्या ११ टक्के कर, आणि १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीलाही ११ टक्केच. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांहून महाग इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता, तोही मागे घेतला गेला. प्रदूषण कमी व्हावं हे आम्हालाही हवं आहे. पण श्रीमंताला सूट आणि पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला वसुली, याला न्याय म्हणत नाहीत.

दुसरा प्रश्न, कशासाठी? २०२५ मधल्या त्या २१ रुपये ९० पैशांत रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर फक्त ५ रुपयांचा होता. सगळ्यात मोठा हिस्सा, १३ रुपये, विशेष अतिरिक्त शुल्काचा होता. राज्यांबरोबर वाटून घ्यावं लागणारं मूळ शुल्क अवघं १ रुपया ४० पैसे होतं. मग राज्य म्हणतं पैसे नाहीत, महापालिका म्हणते निधी आला नाही, आणि खड्डा तिथेच राहतो.

जो रस्ता जास्त वापरतो त्याने जास्त द्यावं, हे तत्त्व चुकीचं नाही. कर नकोच, असंही आमचं म्हणणं नाही. कराशिवाय रस्ता होत नाही, दवाखाना होत नाही.

आपल्या मागण्या साध्या आहेत. छोट्या दुचाकीला आणि प्रवासी रिक्षाला वाहन करात खरी सवलत द्या. पंपाच्या पावतीवर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा छापा. आपल्या प्रभागातल्या रस्त्यांवर किती खर्च झाला, ते दरवर्षी जाहीर करा. आणि सिटी बस वाढवा, म्हणजे गरिबाला दुचाकी घेण्यावाचून पर्याय उरणार नाही अशी वेळ येणार नाही.

हे मागताना आपण मुसलमान म्हणून वेगळं काही मागत नाही. पंपावरच्या रांगेत आपल्या पुढे आणि मागे जो उभा आहे, त्याचंही हेच मागणं आहे. त्याला सोबत घ्या. नगरसेवकाकडे, आमदाराकडे जाताना दोघे मिळून जा.

खुदा हाफिज. जय हिंद.