तान्ह्याचे कान

आपल्या घरांतून एक दृश्य नेहमीं दिसतें. आजी पाळण्यावर वांकून तीन महिन्यांच्या नातवाशीं गप्पा मारीत असते. ‘काय म्हणतंय आमचं बाळ? दूध प्यालं का?’ असें विचारते, उत्तराला जागा ठेवते, आणि बाळानें नुसता हुंकार दिला कीं तेंच उत्तर समजून पुढें चालूं लागते. शेजारीं वृत्तपत्र वाचीत बसलेला सुशिक्षित बाप मनांतल्या मनांत हंसतो. ज्याला एक शब्द कळत नाहीं त्याच्याशीं बोलण्यांत काय अर्थ, असें त्याला वाटतें. श्रोतेहो, आज मला त्या बापाविरुद्ध आजीचें वकीलपत्र घ्यावयाचें आहे.

मूल कोरी पाटी घेऊन जन्मास येतें असें आपण म्हणतों. पण तें तितकेंसें खरें नाहीं. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत त्याला ऐकूं येत असतें. डीकॅस्पर व फायफर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तीन दिवसांहून लहान अर्भकांच्या तोंडांत रबराची बोंडी दिली होती. चोखण्याचा ठेका एका तऱ्हेनें धरला कीं आईचा आवाज ऐकूं येई, दुसऱ्या तऱ्हेनें धरला कीं परक्या बाईचा. त्या चिमुकल्यांनीं आपला ठेका असा बदलला कीं आईचाच आवाज अधिक वेळां लागावा.

पण याहून मला नवल वाटतें तें कॅनडांतील व्हँकूव्हर येथें जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनीं केलेल्या प्रयोगाचें, कारण त्यांतले वर्ण आपलेच आहेत. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक आपणांस कोणीं शिकवावा लागत नाहीं. इंग्रजी बोलणाऱ्या गृहस्थाला मात्र तो सांगूनही चटकन ऐकूं येत नाहीं; त्याच्या भाषेंत दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ असे दोन निराळे वर्णच नाहींत. प्रयोगांत बाळाला आईच्या मांडीवर बसवून एकच ध्वनि पुन्हां पुन्हां ऐकवीत. ध्वनि बदलला कीं बाजूच्या काळसर पेटींत दिवा लागून आंतलें खेळणें हालूं लागे. ही खूण पटली कीं बाळ ध्वनि बदलतांच, खेळणें दिसण्यापूर्वींच, मान वळवी. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनीं हिंदींतला हा त-ट भेद बिनचूक ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकीं फारच थोड्यांना तो ओळखतां आला. हिंदी घरांतल्या सुमारें वर्षाच्या बाळांना मात्र तो ओळखतां येत होता. हा निष्कर्ष १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. येथें कान अधू होत नाहीं. घरांत जो भेद कामाचा नाहीं त्याकडे लक्ष देणें तो सोडून देतो. म्हणजे मूल पहिला शब्द उच्चारण्याच्या सुमारासच, घरांत काय बोललें जातें त्यावरून, काय ऐकावयाचें हें बरेंचसें ठरवून बसलेलें असतें.

मग यंत्राचा आवाज कां पुरूं नये? सिॲटल येथें पॅट्रिशिया कूल यांनीं हेंच पाहिलें. त्यांनीं नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकींत चिनी भाषा ऐकविली. जिवंत माणसें समोर बसून पुस्तक वाचीत व खेळत, तेव्हां बाळें चिनी ध्वनींतले भेद शिकलीं. तींच माणसें पडद्यावर दाखविलीं, तेव्हां कांहींच शिकलीं नाहींत. २००३ सालीं प्रसिद्ध झालेला हा प्रयोग, रडणाऱ्या बाळाच्या हातीं मोबाइल देणाऱ्या घरांनीं ऐकावा अशी माझी इच्छा आहे. नभोवाणीवरून बोलणाऱ्या मजसारख्यानें तो सांगावा, हा विनोदच म्हणावयाचा!

आतां ज्यासाठीं मी मुख्यत्वें बोलावयास बसलों तें सांगतों. जन्मतः बहिरें असलेलें मूलही पहिल्या कांहीं महिन्यांत इतरांसारखेंच हुंकारतें, हंसतें. आईबापांना शंकाही येत नाहीं. पुढें ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्पष्ट बडबड सुरू व्हावयाची, ती लांबते. तेव्हां वडीलधारीं माणसें म्हणतात, ‘अहो, याचा बापही उशिराच बोलला!’ कोणी पाठीमागें जाऊन थाळी वाजवितो. मूल दचकतें आणि सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. परंतु या थाळीवर विसंबूं नये. मोठा नाद थोडा ऐकूं येणारें, पण बोलणें न ऐकूं येणारें मूलही दचकतें. कधीं जमिनीचा कंप, कधीं हलणारी सावली त्याला सूचना देते. खरी तपासणी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानांत एक लहानशी नळी बसवितात आणि कांहीं मिनिटांत काम होतें. तींत शंका निघाली तर पुढची तपासणी करावी लागते. पहिल्या महिन्याच्या आंत ही चाचणी, तिसऱ्याच्या आंत निदान आणि सहाव्याच्या आंत उपचारास आरंभ, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. अमेरिकेंतल्या कोलोरॅडो संस्थानांत ज्यांचें बहिरेपण सहा महिन्यांच्या आंत कळलें, त्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्यांहून स्पष्टपणें पुढें असल्याचें १९९८ सालीं आढळलें.

आणि ऐकूं येणारच नसेल तर? तरीही मूल वाट पाहत बसत नाहीं. बहिऱ्या आईबापांच्या, खुणांच्या भाषेंत वाढणाऱ्या बहिऱ्या बाळांचें निरीक्षण लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनीं केलें. तें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. आपलीं बाळें ज्या वयांत ‘बाबाबा’ करतात, त्याच वयांत हीं बाळें पाळण्यांत पडल्यापडल्या बोटांनीं बडबडत होतीं.