पावती कशासाठी फाडायची?

(श्रीरामपूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)

वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन हिंडणाऱ्या तुम्हा कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "तुमचे म्हणणे पटते, पण पावती कशासाठी फाडायची?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली याच प्रश्नावर ग्रंथ लिहिला. लढ्याचे फळ सर्वांनाच मिळणार असेल, तर व्यवहारी माणूस वर्गणी न देता घरी बसेल, असा त्यांचा युक्तिवाद. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्यातून १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात सरकारला ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. ती देताना, संपात कोण होते आणि कोण नव्हते, असा भेद करण्यात आला नाही. ओल्सन यांचे गणित येथे बरोबर ठरते.

तरीही माणसे सभासद होतात. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने सभासद-वर्गणी वर्षाला चार आणे ठरविली. चार आण्यांत स्वराज्य मिळत नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक होते. स्वराज्य मागणाऱ्यांत आपली गणना व्हावी, एवढ्यासाठी तो ते देत होता. अशा गणनेला वजन असते. कामगार संघटनांच्या मान्यतेसाठी महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला, तेव्हा किमान ३० टक्के कामगार सलग सहा महिने सभासद असले पाहिजेत, अशी अट घातली. मोर्चातील गर्दी मालक नाकारू शकतो. सभासदांची नोंदवही नाकारणे त्याला जड जाते.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. ज्याच्या पैशावर संघटना चालते, त्याला ती हिशेब देते. हजारोंच्या दहा-दहा रुपयांवर चालणारी संघटना गरीब राहील, पण कुणाची मिंधी होणार नाही. पुढाऱ्याने शंभर जणांची वर्गणी एकरकमी भरली, तर सभासद एकच वाढतो. त्याच्या हाती मते मात्र शंभर येतात. मिस्ड कॉल देऊन होणाऱ्या सभासदत्वातही हीच उणीव आहे. ज्याने काही दिलेले नाही, त्याला जाब विचारावासा वाटत नाही.

अर्थात, वर्गणी इतकी अल्प हवी, की शेतमजूर बाईलाही ती उसनवारी न करता देता यावी.

तेव्हा पावती फाडताना "आम्हाला मदत करा" असे म्हणू नका. "वर्षअखेर हिशेब विचारायला या" असे सांगा. आणि मित्रहो, तो हिशेब खरोखरच तयार ठेवा.