नाही म्हणणारा तांडेल



गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोन कुटुंबांनी ग्रीसमध्ये आठवडाभरासाठी शिडाची नौका भाड्याने घेतली. चालवायचा परवाना आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता, म्हणून तांडेल वेगळा नेमला. त्याची रोजी, जेवण आणि झोपायची जागा आपण द्यायची. पैसे मी देतो, तेव्हा तो माझं ऐकणार, असा माझा समज.

तिसऱ्या दिवशी पारोसहून मिकोनोसला निघायचं होतं. आभाळ निळंशार. तो म्हणाला, "नाही. मेल्तेमी." हा एजियन समुद्रावरचा उन्हाळी उत्तरवारा, स्वच्छ आभाळातही तो खवळतो. मी जादा पैसे देऊ केले. तो मुकाट्यानं दोरखंड आवळत राहिला. संध्याकाळी एक नौका फाटक्या शिडानं बंदरात शिरली. तिच्यावरची मुलं रडत होती. माझ्या लेकीनं माझा हात घट्ट धरला.

नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटणाऱ्या घरांतली मुलं आपल्याच बाकांवर बसायची. मी ते विसरलो होतो. आता माणूस नेमताना मी विचारतो, "मालकाला कधी 'नाही' म्हणालात का?"

सर, बाई, तुम्ही आम्हाला ते कितीदा म्हणालात!