शिडाच्या नौकेंतून मॉरिशस

आपलें यवतमाळ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २० अंशांवर आहे. मॉरिशस बेट दक्षिणेस जवळजवळ तितक्याच अंशांवर. मधल्या पट्ट्यांत वारा कधीं कधीं अजिबात पडतो. शिडें लोंबकळतात, नौका जागींच डोलत राहते, आणि पिण्याचें पाणी मात्र रोज घटतें. वादळाहूनहि ही निश्चलता मला भयंकर वाटते. २०१६ सालीं भारतीय नौदलाच्या स्त्रिया ‘म्हादेई’ नौकेंतून गोव्याहून तेथें गेल्या. २०१८ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा संपत आली असतां ‘तारिणी’चें सुकाणूं बिघडलें, तेव्हां आसरा मिळाला तो तेथल्याच पोर्ट लुईस बंदरांत. एकोणिसाव्या शतकांत कोकणचे मजूरहि शिडाच्या जहाजांतून याच बेटावर उसाच्या मळ्यांत राबण्यास गेले. पुष्कळ परतले नाहींत. त्यांचे वंशज तेथें आजहि गणपति बसवितात.