लिमा ते कुस्को : अंतर किती?



पन्नाशीची सहल माचू पिचूला काढायची, असं आपलं ठरतंय. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून अंतरांचा हिशेब माझ्या गळ्यात पडला.

पेरूची राजधानी लिमा. तिथून कुस्को सरळ रेषेत सुमारे ५८५ किलोमीटर. विमानाला सव्वा-दीड तास. बसने मात्र जवळपास १,१०० किलोमीटर आणि वीसेक तास, कारण मध्ये अँडीज पर्वत आडवा आहे.

मग विमानच बरं, असं वाटेल. पण भूगोलाच्या तासाला शिकलेलं तिसरं माप विसरू नका : उंची. लिमा समुद्रकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी कुस्को वरच! विमान तासाभरात पोचवतं. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डोकं दुखतं, धाप लागते.

म्हणून विमानतळावरून थेट खाली ओयांतायतांबोला, २,८०० मीटरच्या आसपास, मुक्काम करू. माचू पिचू त्याहून खाली, २,४३० मीटरवर. कुस्को शेवटी पाहू.

आपल्यातल्या कितीतरी जणांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारा, मगच तिकिटं काढा. सहल दोन दिवसांनी लांबेल, लांबू द्या. पण जेवढे निघू, तेवढे सगळे वर पोचू.