कृष्णधवल छायाचित्रांचें आयुष्य



माझ्या मातोश्रींचें एकच छायाचित्र आमच्या घरीं होतें. त्यास कसर लागल्याचें दिसतांच मीं त्याची डिजिटल प्रत करविली आणि ती एका दुकानीं छापून घेऊन भिंतीवर लाविली. चारच वर्षांत त्या प्रसन्न मुद्रेवर हिरवट छटा पसरली. दोष दुकानदाराचा नव्हे. काय मागावें, हेंच मला ठाऊक नव्हतें. म्हणून आजचे हे चार शब्द.

इंकजेट यंत्राच्या शाया दोन जातींच्या असतात. 'डाय' शाईंत रंग पाण्यांत साखर विरघळावी तसा विरघळलेला असतो. 'पिगमेंट' शाईंत रंगाचे सूक्ष्म घन कण असतात. प्रकाशाचा व हवेंतील ओझोन वायूचा परिणाम विरघळलेल्या रंगावर लवकर होतो. घन कणाचा बाहेरचा थर विटला तरी आंतला गाभा शिल्लक राहतो. म्हणून पिगमेंट शाईच पसंत करावी.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. पुष्कळ यंत्रें करडी छटा निळी, किरमिजी व पिवळी शाई मिसळून साधतात. या तिघींचें आयुष्य सारखें नसतें. किरमिजी आधीं विटली कीं निळी व पिवळी मिळून हिरवें दिसूं लागतें. माझ्या चित्राचें झालें तें हेंच. यासाठीं काळ्या व करड्या शायांचा स्वतंत्र संच वापरावा. त्यांत कार्बनचे कण असल्यास उत्तम. कार्बन म्हणजे आपली काजळीच! काजळीच्या शाईनें लिहिलेल्या जुन्या पोथ्यांचीं अक्षरें शेंकडों वर्षांनंतरही काळीभोर आहेत.

कागदही तितकाच महत्त्वाचा. लांकडाच्या लगद्यांत लिग्निन राहिलें तर कागद पिवळा पडतो. आम्ल असलें तर ठिसूळ होतो. कापसाच्या तंतूंचा, आम्लरहित, कॅल्शियम कार्बोनेट घातलेला कागद घ्यावा. डोळे दिपविणाऱ्या शुभ्रतेस मात्र भुलूं नये. तींत बहुधा अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देणारीं द्रव्यें असतात. तीं निकामी झालीं कीं कागद पिवळट दिसतो.

घरीं परीक्षाही करतां येते. छापील पट्टीचा निम्मा भाग जाड काळ्या कागदानें झांकून ती उन्हाच्या खिडकींत एक-दोन महिने ठेवावी. दोन्ही भागांत फरक पडला, तर ती शाई व तो कागद यांची जोडी टाकावी. चांगलें चित्रही काचेच्या चौकटींत, उन्हापासून व ओल्या भिंतीपासून दूर ठेवावें.

मातोश्रींचें मूळ छायाचित्र पुढें कसरीनें खाल्लें. आतां कापसाच्या कागदावर कार्बनच्या शाईनें छापलेली प्रत भिंतीवर आहे. माझ्या नातीनें आपल्या नातवंडांस पणजीआजी दाखवावी ती याच कागदावरून, एवढीच इच्छा आहे.