ध्रुव उलटणार? किती वेळात?

'चुंबकीय ध्रुव उलटणार, जग संपणार' हा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. मी सॉफ्टवेअरवाला, माझा पहिला प्रश्न: किती वेळात?

हजारो वर्षांत. पृथ्वी उलटत नाही, होकायंत्राची सुई दिशा बदलते. शेवटचं असं झालं सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. माणसाचे पूर्वज तेव्हाही होते, टिकले.

त्याहून जुनी नोंद आपल्या सह्याद्रीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंडावताना त्यातल्या लोहखनिजाने तेव्हाची दिशा धरून ठेवली. महाबळेश्वरच्या घाटात खालचे थर उलटे, वरचे सुलटे.

मधल्या काळात चुंबकीय कवच कमकुवत होतं. तेव्हा सॅटेलाइट, वीजग्रीड जपावे लागतील. पण तयारीला वेळ आहे. ग्रुपवर तेवढं सांगा!